शपथ नको, कबुली द्या: व्यसन आणि लाज यांतून सुटण्याची ख्रिस्ती वाट

दारू सोडायची म्हटलं की आपल्याकडे आधी शपथ होते. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, पवित्र शास्त्रावर हात ठेवून, माउंट मेरीला मेणबत्ती लावून. ती मनापासूनच घेतलेली असते. पण शपथ उद्याबद्दल असते, आणि अजूनपर्यंत जे घडलं ते तसंच झाकून ठेवते. मोडली की माणूस बेवडा तर असतोच, वर खोटारडाही ठरतो, आणि ती लाज बुडवायला पुन्हा क्वार्टर लागते. येशूचा शिष्य पेत्र, त्याचं नेमकं हेच झालं. ‘सगळे सोडून गेले तरी मी जाणार नाही’ म्हणाला आणि त्याच रात्री कोळशाच्या शेकोटीपाशी ‘मी येशूला ओळखत नाही’ असं तीनदा म्हणून बसला. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या सरोवराकाठी पुन्हा कोळशाचा विस्तव होता. येशूने तिथे त्याला आधी न्याहारी दिली. नवी शपथ घेतली नाही, फक्त तीनदा विचारलं, माझ्यावर प्रेम करतोस का (योहान २१). शपथ सोडून कबुलीकडे वळणं, हीच या वाटेची सुरुवात. पण कबुलीच्याही आधी एक काम आहे.

आधी शरीर

रोज पिणारा माणूस, सकाळी उठल्यावर ज्याचे हात थरथरतात आणि घोटभर घेतल्यावर थांबतात, त्याने घरी एकट्याने अचानक दारू बंद करू नये. शेवटच्या पेगनंतर सहा ते बारा तासांत घाम, कंप, मळमळ, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, कोणीतरी हाका मारतं, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. यात माणूस दगावू शकतो.

हे इतकं खोलात सांगायचं कारण म्हणजे तीन दिवसांची उपास-प्रार्थना. मंडळीतली भली माणसं अशा भावाला पाण्यावर ठेवून प्रार्थनेला बसवतात. तिसऱ्या दिवशी तो ‘ते बघा, ते आले’ म्हणून ओरडू लागला की दुष्टात्मा समजून डोक्यावर हात ठेवले जातात, आवाज चढतात. तो दुष्टात्मा नसतो. दारू तुटलेल्या मेंदूची ती तातडीची अवस्था असते आणि त्या क्षणी रिक्षा करून हॉस्पिटल गाठायचं असतं. नीतिसूत्रे २३ मध्ये पिणाऱ्याचे डोळे विलक्षण गोष्टी पाहतील असं लिहिलंच आहे. उपास करायचाच असेल तर मंडळीने करावा, पेशंटला जेवू घालावं.

मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे या हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहेत. सकाळच्या ओपीडीला केसपेपर काढून थेट सांगायचं, दारू सोडायची आहे, रोज इतकी घेतो. आकडा कमी करून सांगू नका, औषधाचा डोस त्यावर ठरतो. कंप आणि फिट रोखणारी गोळी साधारण पाच-सात दिवस देऊन हळूहळू कमी केली जाते. जोडीला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, लागतं. गल्लीतल्या दवाखान्यात नुसती ग्लुकोजची सलाईन लावत असतील तर ‘आधी बी-१ दिलंय का?’ एवढं विचारा. शरीरात बी-१ संपलेलं असताना ग्लुकोज आधी गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

गर्दचं, म्हणजे ब्राउन शुगरचं, वेगळं आहे. तोडताना हाल फार होतात, नाक गळतं, हाडं ठणकतात, पोट बिघडतं, पण खरा धोका नंतर असतो. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय उतरलेली असते आणि जुनाच डोस घेतला तर श्वास थांबतो. गर्दऐवजी डॉक्टर देतात ते ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन सुरू असेल तर ‘हे पण व्यसनच’ म्हणून कोणी बंद करायला लावलं तरी ऐकू नका. एमडी (मेफेड्रोन) सोडल्यावर झोप बिघडते आणि जीव नकोसा होतो. असे विचार आले तर १४४१६ ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं: १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचं कलम ६४अ स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी पूर्ण उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या खटल्यापासून संरक्षण देतं.

कबुली कशी द्यायची

लाज आणि अपराधाची जाणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मी पोराच्या फीचे पैसे उडवले’ ही जाणीव. तिला उत्तर आहे, क्षमा आहे, परतफेड आहे. ‘मी आहेच तसला’ ही लाज. तिला उत्तर सापडत नाही, म्हणून ती लपते. आदामाने देवाला दिलेलं पहिलं उत्तरच ‘भ्यालो आणि लपलो’ असं आहे. रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय कधी सलग वाचला नसेल तर वाचा: जे करायचं नाही तेच मी करतो, असं पौल लिहितो. आणि आठव्याच्या पहिल्याच ओळीत म्हणतो की ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही. त्या दोन अध्यायांच्या मध्ये ‘सहा महिने सुधारून दाखव’ असं काही लिहिलेलं नाही. क्षमा आधी आहे, सुधारणा तिच्या मागून येते. हा क्रम उलटा झाला की माणूस देवापासूनही लपायला लागतो.

पण देवाला एकांतात सांगून झालं, आता माणसाला कशाला, असं वाटतं. याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतो, ‘म्हणजे तुम्ही बरे व्हाल’ असंही जोडतो. कारण साधं आहे. देवाला आपण आधीपासून ठाऊक आहोत. लाज माणसांच्या नजरेची असते, त्यामुळे ती माणसाच्या नजरेसमोरच उतरते.

माणूस निवडताना घाई करू नका. पुरुषाने पुरुष आणि बाईने बाई शोधावी. तुमच्या चाळीतला, बिल्डिंगमधला, ऑफिसातला नको. ज्याचे पैसे देणे आहे तो तर नकोच. ‘त्याचं काय झालं ठाऊक आहे का’ असं दुसऱ्यांचं बोलणारा तुमचंही बोलेल. काही वर्षं व्यसनापासून दूर असलेला विश्वासू सगळ्यांत बरा. कॅथलिक असाल तर कन्फेशन आहे. तिथलं एक अक्षरही फादर कोणाला सांगू शकत नाहीत, जिवावर बेतलं तरी. मात्र फादर रोज फोनवर भेटणार नाहीत, म्हणून कन्फेशननंतरही असा एक माणूस हवा. पहिली कबुली बायकोजवळ देऊ नये असं आमचं ठाम मत आहे. तिला सत्य मिळालंच पाहिजे, पैशांचं तर त्याच आठवड्यात. पण तुमचं ओझं हलकं करायचं काम तिचं नाही.

आदल्या दिवशी कागदावर लिहून काढा. काय घेता, किती, कधीपासून, शेवटचं कधी. पैसे कुठून आणले: पगार, भिशी, पतपेढी, मंगळसूत्र, व्याजाने. कोणती थाप अजून चालू आहे. कोणाला मारलं, कोणाला घाबरवलं. आणि सगळ्यांत शेवटी ती गोष्ट, जी लिहिताना पेन थांबतो. तीच लिहायची असते. बहुतेकांची कबुली इथेच फसते: नव्वद टक्के सांगतात, ती एक ठेवतात, आणि ठेवलेल्या त्या एका गोष्टीभोवती व्यसन पुन्हा उभं राहतं.

दीड-दोन तास मोकळे ठेवा. जागा अशी की कोणी मध्ये येणार नाही: चर्चच्या आवारातला बाक, नाहीतर दुपारचा शिवाजी पार्कचा कट्टा. कागद वाचून दाखवा. तोंडी बोलायला गेलात तर सफाई द्यायला लागाल. ‘बायको तशी वागली म्हणून’ असं वाक्य कागदावर आलं असेल तर खोडा. ऐकणाऱ्याने उपाय सांगू नयेत, डोळे विस्फारू नयेत, ‘माझं तर यापेक्षा’ म्हणून स्वतःचं सुरू करू नये. शेवटी एकदाच विचारावं, ‘अजून काही राहिलंय?’ आणि गप्प बसावं. बऱ्याचदा खरं तिथे बाहेर येतं. मग १ योहान १:९ मोठ्याने वाचा, दोघांनी. कागद तिथेच फाडा. ऐकलेल्या गोष्टी प्रार्थनेची विनंती म्हणूनही मंडळीत जाता कामा नयेत.

संध्याकाळचे दोन तास

मुंबईत बहुतेकांचा दिवस पडतो तो सात ते नऊच्या मध्ये, स्टेशन ते घर या टप्प्यात. पोट रिकामं, डोकं तापलेलं, अंग दमलेलं, आणि पुलाखाली उतरलं की समोर वाईन शॉप. म्हणून ऑफिसातून निघण्याआधी खा: दोन केळी, चणे, वडापाव, काहीही. गाडीत बसल्यावर आपल्या माणसाला फोन करा, गर्दीत बोलता येत नसेल तर ‘निघालो’ एवढा मेसेज, पोचल्यावर ‘पोचलो’. उतरताना पूल बदला, दुसऱ्या बाजूने बाहेर पडा, दहा मिनिटं जास्त लागू देत. पगार बायकोच्या किंवा आईच्या खात्यात वळवा. यूपीआय काढून टाका, खिशात पास आणि शंभर रुपये. ही तुमची बेइज्जती नव्हे. उजवा डोळा पापाला कारण झाला तर उपटून टाक म्हणणाऱ्या प्रभूच्या हिशोबात हे फार थोडं आहे.

तल्लफ आली की तिच्याशी वाद घालू नका. ती बहुधा अर्ध्या तासात उतरते. उठा, जागा बदला, पाणी प्या, फोन लावा, आणि एक स्तोत्र मोठ्याने म्हणा. १३० वं पाठ करून ठेवा, आठच वचनं आहेत आणि खोल गर्तेतून मारलेली हाक आहे; त्या वेळी लांबलचक प्रार्थना सुचत नाही.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा मुंबईत ठिकठिकाणी होतात, मराठीतही, पुष्कळदा चर्चच्या किंवा शाळेच्या हॉलमध्ये. दारू सोडू पाहणारी माणसं तिथे एकमेकांना आपलं सांगतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. ‘ती काही ख्रिस्ती सभा नाही’ म्हणून काही पाळक अडवतात. तिच्या बारा पायऱ्यांची मुळं ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत आहेत, आणि कबुली व परतफेड तिथून आलेली आहे. जायला हरकत नाही. पहिले तीन महिने रोज गेलात तर उत्तम. राहून उपचार हवे असतील तर बांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी सुरू केलेलं कृपा फाउंडेशन आहे. कोणत्याही केंद्रात भरती होण्याआधी पाहून या: डॉक्टर येतात का, घरच्यांना भेटू देतात का. साखळीने बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुन्हा आहे, मग दारावर क्रूस असो वा नसो.

उपवासकाळाबद्दल एक सांगायलाच हवं. राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवस न पिणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि ‘बघा, मी सोडू शकतो’ हा त्यांचा पुरावा असतो. ईस्टरच्या दुपारी बाटली उघडते तेव्हा त्या पुराव्याचं काय होतं ते घरच्यांना माहीत असतं. पुढच्या उपवासकाळात सोडण्याऐवजी सांगा.

पुन्हा प्यालात तर

त्याच रात्री, नाहीतर सकाळी डोळे उघडल्याबरोबर फोन करा. रविवारची वाट पाहू नका. चोवीस तास लपवलेली घसरण आठवडाभर चालते. काही दिवस सलग प्यालात तर पुन्हा डॉक्टर. मग नेमकं काय झालं ते उलटं शोधत जा: भांडण कधी झालं, जेवण कधी चुकलं, फोन कधीपासून बंद होते. घोट घ्यायच्या काही दिवस आधी सभा आणि फोन सुटलेले असतात, जवळपास नेहमी.

लूक १५ मधला धाकटा मुलगा घरी येताना भाषण पाठ करून येतो, शेवटी ‘मला एका मोलकऱ्यासारखं ठेवा’ असं वाक्य असतं. बाप धावत येऊन गळ्यात पडतो आणि ते वाक्य बोलायचंच राहून जातं. घसरलेला माणूस तेच वाक्य घेऊन फिरत असतो, आता मी मागच्या बाकावर बसेन, प्रभुभोजन घेणार नाही. ते घेऊन घरी बसू नका.

देणी, सण आणि घरचे

परतफेड दोन-तीन महिन्यांनी सुरू करा, आधी नको. जकातदार जक्कयाने लुबाडलेल्याच्या चौपट देण्याची तयारी दाखवली ती उभं राहून, सगळ्यांसमोर. तुम्ही वहीत नावं आणि रकमा लिहा आणि महिन्याला पाचशे का होईना, ठरलेल्या तारखेला द्या. बायकोला ‘सॉरी’ पुष्कळदा ऐकून झालंय, तिला तारीख पाळणारा माणूस हवा. ज्या कबुलीने तिसऱ्याच कोणाचं घर मोडेल ती आपल्या माणसाशी बोलल्याशिवाय देऊ नका.

मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लग्नात उंबराचं पाणी (विहिरीवरून पाणी आणायचा विधी) आणि खिमड (मसाल्याची दारू) यांतून सुटका नसते. पहिलं वर्ष चर्चमधल्या विधीला जा, हॉलवर जाऊ नका. डायसल्फिरामची, म्हणजे दारू पोटात गेली की त्रास देणारी, गोळी चालू असेल तर प्रभुभोजनाचा द्राक्षारस, खोकल्याचं औषध, माउथवॉश, सगळंच टाळावं लागतं. पाळकांना आधी सांगा. कॅथलिकांना फक्त पवित्र भाकरी घेतली तरी ख्रिस्तप्रसाद पूर्ण मिळतो. हीच गोळी नवऱ्याच्या भाजीत गुपचूप घालणाऱ्या घरच्यांना हात जोडून सांगणं आहे, करू नका. वर दारू गेली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. तुमच्यासाठी अल-अ‍ॅनॉनच्या वेगळ्या सभा आहेत, तो येवो न येवो, तुम्ही जा.

आणि पाळकांनो, दोन महिने न प्यायलेल्या भावाला साक्ष द्यायला मंचावर उभं करू नका. टाळ्या पडल्या की त्याला घसरण लपवावीच लागते. वर्षभर त्याला खुर्च्या लावू द्या, चहा करू द्या. साक्ष नंतर, आणि तीही त्याने स्वतः मागितली तर.