शेजारच्या कुत्र्याचा त्रास: मालकाशी कसे बोलावे, तक्रार कशी करावी

कुत्रा तासन्‌तास भुंकतो, जिन्यात घाण करतो, मुलांच्या अंगावर धावतो. ही तिन्ही गाऱ्हाणी लोक एका दमात सांगतात. मालकाला त्यातून एवढेच ऐकू येते की यांना कुत्राच नको आहे, मग तो कुत्र्याची बाजू घेतो आणि विषय तिथेच अडतो. वास्तविक तिन्ही त्रासांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. तक्रार मालक काय करतो किंवा करत नाही याविषयी असली, तरच ती पुढे सरकते.

१. आधी नोंद ठेवा

किमान दोन आठवडे वहीत किंवा मोबाइलवर लिहीत जा: तारीख, सुरू होण्याची आणि थांबण्याची वेळ, जागा, मालक घरी होता का. ‘सतत भुंकतो’ हे कोणीही उडवून लावेल. ‘मंगळवार, सकाळी ९.४० ते १०.२५, बाल्कनीतून, मालक ९.३० ला बाहेर पडले होते’ ही ओळ उडवता येत नाही, शिवाय कारणाचा मागही तीच देते. आवाजाचे रेकॉर्डिंग स्वतःच्या घरातूनच करा. दुसऱ्याच्या घरात डोकावणारा व्हिडिओ काढलात तर तक्रार तुमच्यावरच उलटेल. विष्ठा कोणत्या कुत्र्याची हे प्रत्यक्ष पाहिले नसेल, तर अंदाजाने कोणाचे नाव घेऊ नका.

२. कुत्रा का भुंकतो ते ओळखा

सर्वात जास्त भांडणे यावरून होतात, आणि मालकाला बहुतेक वेळा खरोखरच कल्पना नसते, कारण कुत्रा तो बाहेर गेल्यावरच भुंकत असतो.

मालक बाहेर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात भुंकणे, हेल काढून रडणे, दार ओरबाडणे सुरू होत असेल, तर ती एकटेपणाची धास्ती असण्याची शक्यता मोठी. अशा कुत्र्याला ओरडून किंवा शिक्षा करून काही साधत नाही, भीती वाढते. त्याला काही सेकंदांपासून सुरुवात करून, तो शांत राहील तेवढाच वेळ एकटे ठेवत हळूहळू सवय लावावी लागते. याला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. तोवर घरी कोणीतरी थांबणे किंवा दिवसा कोणाकडे सोपवणे भाग असते.

जिन्यात पाऊल वाजले, खाली गाडी थांबली की भुंकणारा कुत्रा पहारा देत असतो. समोरचा माणूस निघून गेला की त्याला वाटते, आपण भुंकलो म्हणून गेला, आणि सवय पक्की होते. इथे उपाय सोपा आहे: खिडकीच्या काचेला कुत्र्याच्या नजरेच्या उंचीपर्यंत धूसर फिल्म लावणे, मालक घरात नसताना बाल्कनीचे दार बंद ठेवणे, दारापासून दूरच्या खोलीत त्याची जागा करणे.

एकसुरी, थांबून थांबून, तासन्‌तास चालणारे भुंकणे हा कंटाळा असू शकतो. दिवसातून दोनदा नीट फिरवणे, वास घेत रेंगाळू देणे आणि खाऊ शोधून काढावा लागेल अशी खेळणी देणे, याने बराच फरक पडतो. म्हातारा कुत्रा अचानक रात्री भुंकू लागला, तर वेदना, बहिरेपणा किंवा वयाने आलेला गोंधळ असू शकतो. त्याला पशुवैद्याकडे न्यायला सुचवा.

विजेचा झटका देणारा पट्टा सुचवू नका. आवाज तात्पुरता थांबला तरी भीती आत राहते आणि ती चावण्यातून बाहेर येऊ शकते.

कुत्रा दिवसभर उन्हात, पाण्याविना बांधलेला दिसला, तर ती आवाजाची तक्रार राहत नाही. प्राणी कल्याणाचे काम करणाऱ्या संस्थेला किंवा यंत्रणेला लगेच कळवा.

३. समोरासमोर बोला

रागाच्या भरात, रात्री दार ठोठावून नाही. दुसऱ्या दिवशी, एकट्याने जा. चार जण मिळून गेलात की तो मोर्चा होतो. सुरुवात माहिती देण्याने करा: ‘तुम्ही बाहेर पडलात की मोती साधारण पाऊण तास रडतो. तुम्हाला घरी नसल्यामुळे कळत नसेल म्हणून सांगायला आलो.’ रेकॉर्डिंग ऐकवा. मग एकच मागणी करा आणि मुदत ठरवा, जसे की दोन आठवड्यांनी पुन्हा बोलू. एका भेटीत तीन विषय काढू नका. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून माणसाला लाजवणे हा सगळ्यात वाईट मार्ग. त्यानंतर तो तुमचे काहीच ऐकत नाही.

४. विष्ठा आणि लघवी

विष्ठा तिथल्या तिथे उचलण्यामागे ठोस कारण आहे. कुत्र्याच्या गोलकृमींची (आतड्यात राहणाऱ्या जंतांची) अंडी ताज्या विष्ठेत संसर्गक्षम नसतात. मातीत ती तशी व्हायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. एकदा झाली की कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जातात. पावसाने विष्ठा दिसेनाशी झाली, तरी अंडी मातीतच राहतात.

मालकाने पिशवी हातात मोज्यासारखी घालावी, उचलून उलटी करावी, गाठ मारून कचरापेटीत टाकावी. विष्ठा पातळ असेल तर आधी वर कागद टाकावा. पावसाच्या पाण्याच्या गटारात कधीही ढकलू नये. फिरण्याच्या वाटेवर झाकणाची कचरापेटी ठेवली की उचलणारे वाढतात, तेव्हा सोसायटीच्या समितीकडे नियमाबरोबर पेटीचीही मागणी करा.

लिफ्टमधल्या लघवीवर अमोनिया असलेला क्लीनर वापरू नका. त्या वासाने कुत्रा पुन्हा तिथेच करतो. ब्लीचही नको, कारण लघवीशी मिसळून त्रासदायक वायू तयार होतो. एन्झाइम असलेले क्लीनर वापरा आणि पाकिटावर लिहिलेला वेळ ते ओले राहू द्या.

कुत्रे येऊ नयेत म्हणून तिखट किंवा डांबराच्या गोळ्या टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तिखटाने नाक-डोळ्यांना इजा होते, आणि डांबराच्या गोळ्या तर कुत्रे, मांजर, लहान मूल सगळ्यांनाच विषारी.

५. मोकळा सोडलेला कुत्रा

‘काही करत नाही हो तो’ हे उत्तर स्वीकारू नका. कुत्र्याला घाबरणारा माणूस दचकून पळतो आणि पळणाऱ्याच्या मागे कुत्रा धावतो. सामायिक जागेत दीड ते दोन मीटरचा, न ताणला जाणारा पट्टा असावा. लांबत जाणारा पट्टा ५ मीटर किंवा त्याहून जास्त सुटतो, वळणावर कुत्रा कुठे आहे हेच दिसत नाही. लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरून मालकाने कुत्रा आणि माणसे यांच्या मध्ये उभे राहावे.

कुत्रा अंगावर आलाच तर जागीच थांबा, अंग थोडे तिरके ठेवा, हात शरीराजवळ घ्या, डोळ्यांत रोखून पाहू नका, आणि तो थबकला की पाठ न दाखवता मागे सरका. हातात पिशवी किंवा छत्री असेल तर मध्ये धरा. खाली पडलात तर गुडघे पोटाशी घेऊन मान आणि कान हातांनी झाका. मुलांकडून हे दोन-चारदा करून घ्या.

६. कुत्रा चावला तर

जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटे धुवा. कसलाही लेप नको. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. ओरखडा छोटा असला तरी. मालकाकडून रेबीज लसीकरणाचे कागद मागा आणि कुत्र्याला १० दिवस नजरेखाली ठेवायला सांगा. भीतीपोटी मालक कुत्र्याला दुसरीकडे पाठवतात किंवा लोक त्याला मारून टाकतात. दोन्हींमुळे ही पाहणीच हुकते. डॉक्टरांनी लस सांगितली, तर ती १० दिवस संपण्याची वाट न पाहता सुरू करा.

७. लेखी तक्रार

दिलेली मुदत टळली की समितीकडे, आणि तिथे दाद लागली नाही तर स्थानिक प्रशासनाकडे जा. अर्ज एका पानाचा असावा: त्रास कोणता, कधीपासून, मालकाशी कोणत्या तारखेला काय बोलणे झाले, मागणी काय. नोंदवहीची प्रत जोडा. त्याच आवाजाने किंवा घाणीने त्रासलेल्या आणखी दोन घरांनी स्वतःची वेगळी नोंद दिली, तर एकाच कागदावरच्या वीस सह्यांपेक्षा तिचे वजन जास्त. ‘कुत्रा हटवा’ असे लिहू नका. ‘मालक नसताना बाल्कनीचे दार बंद ठेवावे’ असे लिहा, म्हणजे ते पाळले गेले की नाही हे तपासता येते. अर्ज दिल्यावरही नोंद चालू ठेवा, आणि फरक पडला तर तोही लिहून मालकाला सांगा.