कोल्हापुरातून स्कूबाची सुट्टी: परतीच्या विमानापासून मागे मोजत या

स्कूबाची, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून समुद्रात डाइव्ह करण्याची, सुट्टी बहुतेक जण स्वस्त तिकिटापासून आखायला घेतात. ऑफर दिसली, चार जणांनी पैसे काढले, तारखा ठरल्या; आणि त्या तारखांना तिथला समुद्र कसा असतो, याची चौकशी त्यानंतर. हा क्रमच उलटा आहे. आधी किनारा आणि ऋतू, मग प्रकृती, मग डाइव्हचे दिवस. तिकीट सगळ्यांत शेवटी. पासपोर्ट, व्हिसा, चलन हे कुठल्याही परदेशवारीसारखंच असतं, त्यावर इथे वेळ घालवत नाही.

किनारा आणि ऋतू

आपल्याकडे मोठ्या सुट्ट्या दोनच, मे महिना आणि दिवाळी. ‘थायलंडचा सीझन’, ‘श्रीलंकेचा सीझन’ असं काही नसतं. सीझन किनाऱ्याचा असतो. थायलंडच्या पश्चिमेकडची सिमिलन बेटं १६ मे ते १४ ऑक्टोबर बंद असतात, पण त्याच देशाच्या पूर्वेला आखातातलं को ताओ मे महिन्यात छान असतं. नोव्हेंबरात नेमकं उलटं होतं: सिमिलन उघडलेलं आणि को ताओवर धुवाधार पाऊस. श्रीलंकेतही तसंच. मे ते सप्टेंबर पूर्वेला त्रिंकोमाली, नोव्हेंबर ते एप्रिल दक्षिण-पश्चिमेला उनवटुना, हिक्कडुवा. बालीत एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ. मालदीवमध्ये वर्षभर डायव्हिंग चालतं, पाऊस-वारा मात्र मे ते ऑक्टोबर जास्त. हनिफारू खाडीतले मांटा रे (पंखांसारखे कल्ले असलेले मोठे, चपटे मासे) बघायचे म्हणून कुणी तिकडे निघालं असेल, तर तिथे टाकी लावून उतरायला बंदी आहे, फक्त स्नॉर्केल, म्हणजे तोंडात नळी धरून पृष्ठभागावरून पोहणं, चालतं.

पहिल्यांदाच जात असाल तर को ताओ, त्रिंकोमाली किंवा बालीचं तुलांबेन-आमेद. इंडोनेशियातली नुसा पेनिडा, कोमोडो ही बेटं आणि मालदीवच्या खाड्यांची तोंडं नवख्यांसाठी नाहीत. तिथला प्रवाह माणसाला ओढून नेतो. फोटो कितीही सुंदर असले तरी ती ठिकाणं पुढच्या खेपेला ठेवा.

पोहता येतं, म्हणजे काय येतं?

ओपन वॉटर कोर्ससाठी, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या सर्टिफिकेटच्या कोर्ससाठी, २०० मीटर न थांबता पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं लागतं. पंचगंगेत किंवा शेतातल्या विहिरीत शिकलेल्याला हे अवघड नाही. त्याची अडचण वेगळीच असते: त्याला श्वास रोखून धरायची सवय असते. स्कूबात पहिला नियम नेमका उलटा, श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते, आणि बाहेर पडायला वाट नसेल तर फुप्फुस फाटतं. विहिरीत दोन मिनिटं बुडी मारणाऱ्यांनी ही सवय तरणतलावातच मोडावी. तोंडातून संथ आत, संथ बाहेर.

थिअरी घरी ऑनलाइन करून जा. नाहीतर बेटावरची एक अख्खी संध्याकाळ व्हिडिओ बघण्यात जाते. कोर्सला एकूण तीन-चार दिवस आणि समुद्रात ४ डाइव्ह लागतात. त्यानंतर १८ मीटरपर्यंत उतरता येतं.

प्रकृतीचा फॉर्म इथेच भरा

डाइव्ह सेंटरवर १० प्रश्नांचा एक वैद्यकीय फॉर्म पुढे येतो. दमा, हृदयविकार, फिट्स, मधुमेह, कानाची किंवा सायनसची शस्त्रक्रिया, वय ४५ च्या पुढे, असं बरंच त्यात असतं. ठरावीक ठिकाणी ‘हो’ आलं की डॉक्टरांच्या सहीशिवाय पाण्यात सोडत नाहीत. लहान बेटावर ती सही मिळवताना दिवस जातो, कधी कोर्सच जातो. फॉर्म आधीच मागवून घ्या आणि कोल्हापुरातच फिजिशियनला दाखवा. कानाचा जुना त्रास असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञालाही. ‘सगळीकडे नाही लिहून टाका, कोण बघतंय’ हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका. सांगली-कोल्हापुरात दम्याचे पंप खिशात घेऊन फिरणारे कमी नाहीत, आणि पाण्याखाली दम्याचा झटका आला तर खिसा उपयोगी पडत नाही.

खरी अडचण: शेवटची डाइव्ह आणि विमान

सहल बिघडते ती इथे. म्हणून हा भाग दोनदा वाचा.

दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू, फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. त्याला तास लागतात. तो पुरता गेला नसताना तुम्ही विमानात बसलात तर केबिनचा दाब आणखी कमी होतो. विमान दहा किलोमीटरवर उडत असलं तरी केबिनमध्ये साधारण २४०० मीटर उंचीइतका, म्हणजे महाबळेश्वरच्याही हजार मीटर वरचा दाब असू शकतो. उरलेल्या नायट्रोजनचे मग बुडबुडे होतात: सांधे दुखतात, हातापायाला मुंग्या येतात, अंगावर चट्टे उठतात, कमालीचा थकवा येतो, आणि वाईट प्रसंगी पाय लुळे पडतात.

मान्य नियम असा: एकच साधी डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास, दिवसात दोन-तीन किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर किमान १८ तास. डिकम्प्रेशन थांबे (वर येताना ठरावीक खोलीवर थांबून नायट्रोजन बाहेर पडू देणं) घ्यावे लागले असतील तर त्याहून बरेच जास्त. आमचं ठाम मत असं की सुट्टीवर गेलेल्या माणसाने ही आकडेमोड करूच नये, सरळ २४ तास धरावेत. १८ हा आकडा ‘किमान’ आहे, हमी नव्हे.

तास मोजायचे ते शेवटच्या डाइव्हमधून पाण्याबाहेर डोकं निघाल्यापासून विमान सुटेपर्यंत. फसगत होते ती मध्यरात्रीच्या विमानांनी. तिकिटावर ‘शनिवार, पहाटे २’ असतं. माणूस म्हणतो, शुक्रवारी सकाळी ११ पर्यंत डाइव्ह उरकू, विमान शनिवारचं आहे. हिशेब करा: १५ तास. शनिवार पहाटेचं विमान म्हणजे शुक्रवारची रात्र, म्हणून शेवटची डाइव्ह गुरुवारी.

दुसरी फसगत छोट्या विमानाची. मालदीवच्या दूरच्या बेटावरून मालेपर्यंत देशांतर्गत विमानाने यायचं असेल, तर तास तिथेच संपतात, मुंबईच्या विमानापाशी नाही. को ताओहून बोटीने चुंफोन आणि तिथून रेल्वेने बँकॉक असा प्रवास केला, तर तेवढे तास जमिनीवरच जातात, म्हणजे तुमच्या फायद्यात. शेजारच्या समुई बेटावरच्या विमानतळाची घाई करणाऱ्यांना तो फायदा मिळत नाही.

तिसरी सगळ्यांत फसवी. शेवटचा दिवस ‘मोकळा’ आहे म्हणून लोक डोंगर चढतात. बालीत तुलांबेनला डाइव्ह करून दुसऱ्या पहाटे बातूरचा सूर्योदय बघायचा, अशा जोडसहली सर्रास विकल्या जातात. बातूरची उंची १७१७ मीटर आहे. श्रीलंकेत त्रिंकोमालीहून थेट नुवारा एलिया गाठलं, तर ते जवळपास १९०० मीटरवर. शरीराला विमान आणि डोंगर यांतला फरक कळत नाही. डोंगर बघायचाच असेल तर सहलीच्या सुरुवातीला, डाइव्हच्या आधी.

हे परदेशापुरतं नाही. मालवण-तारकर्लीहून कोल्हापूरला कुठल्याही वाटेने आलात तरी घाट चढावाच लागतो. आंबोली ६९० मीटरवर आहे, कोल्हापूर स्वतः साडेपाचशेच्या आसपास. डायव्हिंगच्या हिशेबात ३०० मीटरच्या वर उंचीचा विचार सुरू होतो. किनाऱ्याजवळची उथळ, एकच हौशी डाइव्ह असेल तर धोका कमी असतो, पण सर्टिफिकेट घेऊन गोव्यात किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला दिवसात दोन-तीन डाइव्ह केलेल्यांनी त्याच दुपारी गाडी घाटाला लावू नये. किनाऱ्यावर मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी निघा.

नऊ दिवसांची बालीची आखणी अशी बसते. शनिवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने किंवा बसने मुंबई, रविवारी विमान, सोमवारी आमेदला पोहोचून फक्त झोप आणि पाणी पिणं. मंगळवार ते शुक्रवार डाइव्ह, त्यातही शुक्रवारी फक्त सकाळी, ११ च्या आत बाहेर. शनिवार दिवसभर कोरडा: किनारा, बाजार, मंदिरं, सगळं सखल भागात. शनिवारी रात्री ८ नंतरचं विमान, रविवारी मुंबई, सोमवारी सकाळी कोल्हापूर. कोर्स करणार असाल तर तो गुरुवारीच संपेल असं सेंटरला आधी बजावा. वारा सुटला, बोट निघाली नाही, की चौथी डाइव्ह एक दिवस पुढे सरकते. तिला सरकायला शुक्रवार रिकामा हवा. नाहीतर ती कोरड्या दिवसावर येऊन बसते, आणि इन्स्ट्रक्टर ‘काही होत नाही’ म्हणून तुम्हाला पाण्यात उतरवतो.

हा कागद तयार झाला की मगच तिकीट.

सेंटर निवडताना

तीनच प्रश्न विचारा. एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण? नियमाने कोर्सला ८ पर्यंत चालतात, आपण ४ च्या वर मान्य करू नये. बोटीवर ऑक्सिजन आहे का? सर्वांत जवळचं हायपरबेरिक चेंबर (नायट्रोजनच्या बुडबुड्यांवर जादा दाबाखाली ऑक्सिजन देऊन उपचार करायची खोली) कुठे? उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरं सेंटर बघा. दर विचारताना साहित्याचं भाडं आणि सागरी उद्यानाची फी त्यात धरली आहे का, तेही लेखी घ्या.

विमा

साधा प्रवास विमा स्कूबा वगळतो, किंवा ठरावीक खोलीपर्यंतच धरतो. पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. चेंबरमधले उपचार आणि तिथवर हलवण्याचा खर्च त्यात स्पष्ट शब्दांत हवा. नसेल तर डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) या संस्थेसारखा खास डायव्हिंगचा विमा घ्या.

साहित्य

फक्त मास्क विकत घ्या, बाकी सगळं भाड्याने. दुकानात पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकेच श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. भरघोस मिशा असतील तर कडेखाली केस अडकून पाणी आत येत राहतं. नाकाच्या अगदी खालची बारीक पट्टी कापा, बाकी मिशी तशीच राहू द्या. चष्मा असेल तर नंबरची काच बसवलेला मास्क महिनाभर आधी मागवा. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला थर असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढला नाही तर पाण्याखाली धुक्यातून बघावं लागतं.

सर्दी असेल तर डाइव्ह नाही. गोळी घेऊन नाक मोकळं करून उतरलात आणि खालीच गोळीचा असर उतरला, तर वर येताना कानात अडकलेली हवा भयंकर दुखवते. बोटीच्या सकाळी तेलकट, तिखट काही नको, आणि उपाशीही जाऊ नका: केळी, टोस्ट, भरपूर पाणी. डाइव्हच्या आदल्या रात्री दारू नको.

घरी आल्यावर दोन दिवस अंगाकडे लक्ष ठेवा. खांदा किंवा गुडघा विनाकारण दुखायला लागला तर तो प्रवासात अवघडला म्हणून बाम चोळत बसू नका. मुंग्या, चक्कर, लघवीला अडचण यांतलं काहीही जाणवलं तर थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा: स्कूबा केलं होतं, शेवटची डाइव्ह अमुक दिवशी अमुक वाजता, इतके मीटर, आणि त्यानंतर इतक्या तासांनी विमान. डॉक्टर ऑक्सिजन सुरू करून चेंबरची चौकशी करायची की नाही, हे त्यावरून ठरवतात. ही माहिती लॉगबुकात, म्हणजे प्रत्येक डाइव्हच्या नोंदवहीत, असते; लॉगबुक सामानाच्या बॅगेत नको, खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.