मोत्याच्या कानातल्यावाली मुलगी कॉपी करून ऑइल पोर्ट्रेट शिकताना

ऑइलमध्ये चेहरा जमत नसेल तर सरळ एखाद्या मास्टरचं एक पेंटिंग धरा आणि अख्खं कॉपी करा. मी तर म्हणेन सतराव्या शतकातल्या डच चित्रकार व्हर्मीरची ती मोत्याच्या कानातल्यावाली मुलगीच घ्या. साधारण १६६५चं चित्र, नेदरलँड्समधल्या हेगच्या मॉरित्सहाउस म्युझियममध्ये आहे, एकच चेहरा, मागे काळोख, हात नाहीतच (हात काढायचे वाचले हे केवढं सुख!) आणि मूळ साइज जेमतेम ४४.५ बाय ३९ सेंमी, म्हणजे तेवढाच कॅनव्हास घेऊन एकास एक काढता येतं. फोटो म्युझियमच्या साइटवरचा मोठा घ्या, व्हॉट्सॲपवर फिरलेला नको, त्यात सावल्या पार बुजलेल्या असतात.

ड्रॉइंगला ५ सेंमीचे चौकोन आखून घ्या, त्यात लाज कसली. रंग सात बास झाले: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड, अलिझरिन क्रिमसन, अल्ट्रामरिन, बर्न्ट अंबर, आयव्हरी ब्लॅक.

पहिला हात फक्त अंबर आणि काळ्याचा, टर्पेंटाईनमध्ये पातळ करून, डोळे बारीक करून नुसता उजेड कुठे नि अंधार कुठे तेवढंच बघायचं. व्हर्मीरनेही सुरुवात अशीच तपकिरी-काळ्यात केलेली, २०१८ला म्युझियमने चित्राची वैज्ञानिक तपासणी केली त्यात ते दिसलं. हा थर नीट वाळू द्या, पावसाळ्यात माझा आठवडाभर खातो. नंतरच्या थरांत जवसाचं तेल थोडं थोडं वाढवत न्यायचं, उलटं केलंत तर वरचा थर तडकतो. आणि हो, तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.

आता खरी गंमत नाकाची. मी पहिल्यांदा नाकाच्या दांड्याला छान तपकिरी रेघ ओढली आणि पोरगी एकदम कॅलेंडरवरची दिसायला लागली, काय चुकतंय कळेना, मग फोटो झूम करून बघितला तर तिथे रेघच नाही हो! नाकाचा उजेड सरळ पलीकडच्या गालात मिसळून गेलाय, नाक आपण आपल्या मनानेच बघतो. रेघ पुसली, ओल्या रंगावरून कोरडा मऊ ब्रश हलकेच फिरवला आणि नाक आलं. कॉपी करायची ती यासाठीच, व्हर्मीरने काय काढलं नाही ते हाताला कळतं. सावलीतल्या कातडीला काळा लावू नका, चेहरा मेल्यासारखा दिसतो, अंबरमध्ये किंचित लाल बरं पडतं.

मागचा काळोख मुळात काळा नव्हता, काळ्यावर नीळ आणि एका पिवळ्या वनस्पतीच्या रंगाचा हिरवा ग्लेझ (पातळ पारदर्शक थर) होता, तो काळानुसार उडाला. तुम्ही आज दिसतं तसंच करा, हिरव्याच्या नादी लागाल तर महिना जाईल. फेट्याचा निळा त्याने अफगाणिस्तानच्या लाजवर्द या निळ्या दगडापासून केलेला, आपलं ट्यूबमधल्या अल्ट्रामरिनवर भागतं.

मोती सगळ्यात शेवटी. वर डावीकडे पांढऱ्याचा एक जाड ठिपका, खाली कॉलरचा उजेड पडलाय तो पुसट फटकारा, झालं. कानात अडकवायचा आकडासुद्धा त्याने काढलेला नाही. कड मात्र अजिबात ओढू नका, ओढलीत की मोत्याची गोटी होते.