आपल्या आरोग्यासाठी योग्य वजन किती, हे कसे ठरवावे

आपल्या उंचीला किती वजन असायला हवे, असे विचारणाऱ्याला बहुधा एकच आकडा हवा असतो, आणि तो देणारेही भेटतात. सेंटिमीटरमधील उंचीतून १०० वजा करा, उरेल ते तुमचे वजन, हे सूत्र अनेकांना तोंडपाठ असते. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांच्या नावाने ते ओळखले जाते. ते सोपे आहे, पण बुटक्या आणि उंच माणसांना एकाच मापाने मोजत नाही. शिवाय शरीरात चरबी किती, स्नायू किती आणि चरबी साठली आहे ती कुठे, याविषयी ते काहीच सांगत नाही. म्हणून योग्य वजनाचा एक आकडा न शोधता एक पट्टा शोधावा, आणि त्या पट्ट्यात आपण नेमके कुठे असावे हे कंबरेच्या मापावरून आणि तपासण्यांवरून ठरवावे.

पहिली पायरी: वजन आणि उंची नीट मोजा

वजनकाटा कठीण, सपाट फरशीवर ठेवावा. गालिच्यावर ठेवलेला काटा विश्वासाचा नसतो. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्यापूर्वी आणि हलक्या कपड्यांत वजन करावे. शरीरातील पाणी, पोटातील अन्न आणि आदल्या दिवशीचे खारट खाणे यांमुळे वजन एका दिवसात एक-दोन किलो इकडेतिकडे होते, आणि त्याचा चरबीशी काही संबंध नसतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी आणि त्याच काट्यावर वजन करणे पुरेसे आहे.

उंचीच्या बाबतीत मात्र लोक फार निष्काळजी असतात. विशीत कोणीतरी मोजलेली उंची साठीतही तशीच सांगितली जाते. वास्तविक वयाबरोबर मणक्यांमधील चकत्या दबून उंची कमी होते. अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, नजर समोर ठेवून उभे राहावे आणि दुसऱ्या कोणाकडून खूण करून घ्यावी. ६४ किलो वजनाच्या व्यक्तीची उंची १६२ सेंटिमीटर धरली तर पुढील पायरीतील उत्तर २४.४ येते आणि १५८ धरली तर २५.६. चार सेंटिमीटरच्या चुकीने माणूस एका गटातून दुसऱ्या गटात जाऊन बसतो.

दुसरी पायरी: बीएमआय काढा

वजन किलोमध्ये घ्यावे आणि त्याला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उंची १६० सेंटिमीटर, म्हणजे १.६ मीटर असेल, तर १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६. वजन ६६ किलो असेल तर ६६ भागिले २.५६, म्हणजे सुमारे २५.८.

हे गुणोत्तर बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले. त्यांचा हेतू 'सरासरी माणूस' कसा असतो हे पाहण्याचा होता, एखाद्याच्या प्रकृतीचे निदान करण्याचा नव्हता. बॉडी मास इंडेक्स, म्हणजेच बीएमआय, हे नाव त्याला अमेरिकी संशोधक अ‍ॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दिले. मोठ्या लोकसमूहांसाठी बनलेले माप आपण एकेका माणसाला लावतो आहोत, एवढे लक्षात ठेवले की त्यावर फाजील विश्वासही बसत नाही आणि उगाच रागही येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार प्रौढांमध्ये १८.५ च्या खाली वजन कमी, १८.५ ते २४.९ योग्य, २५ ते २९.९ जास्त आणि ३० पासून पुढे लठ्ठपणा मानला जातो. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका याहून कमी वजनावरच वाढू लागतो, म्हणून त्यांच्यासाठी २३ पासून सावध व्हावे आणि २७.५ पासून धोका बराच वाढलेला समजावा, असे या संघटनेच्या तज्ज्ञगटाने सुचवले आहे. पट्टा किलोमध्ये हवा असेल तर गणित उलटे करावे: वरील १६० सेंटिमीटर उंचीसाठी २.५६ गुणिले १८.५ म्हणजे सुमारे ४७ किलो, आणि २.५६ गुणिले २३ म्हणजे सुमारे ५९ किलो. बारा किलोंचा हा पट्टा बराच रुंद आहे, आणि तो तसाच असायला हवा.

तिसरी पायरी: कंबर मोजा

माझ्या मते सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत दुर्लक्षित असे हे माप आहे. त्वचेखालची चरबी आणि पोटाच्या आत, यकृत व आतड्यांभोवती साठलेली चरबी यांचे परिणाम सारखे नसतात. आतल्या चरबीचा संबंध इन्सुलिनला शरीराने दाद न देण्याशी, रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाच्या वाढलेल्या चरबीशी आणि रक्तदाबाशी अधिक जवळचा आहे, आणि वजनकाट्याला हा फरक कळत नाही.

याचे एक बोलके उदाहरण लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली छापून आले. चित्तरंजन याज्ञिक आणि जॉन युडकिन या दोन मधुमेह संशोधकांनी स्वतःचीच मापे शेजारी शेजारी मांडली. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे अगदी निर्दोष. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, पण आतून चरबी राखून असलेली अशी शरीरयष्टी दक्षिण आशियाई लोकांमध्ये सर्रास आढळते.

माप घेताना शेवटची बरगडी आणि खुब्याच्या हाडाचा वरचा कंगोरा हाताने चाचपून पाहावा आणि दोन्हींच्या बरोबर मध्यावर टेप धरावी. ती जमिनीला समांतर असावी, त्वचेला टेकावी पण रुतू नये. नेहमीसारखा श्वास सोडल्यावर आकडा वाचावा. टेप हातात घेताच पोट आपोआप आत जाते, हा अनुभव बहुतेकांचा असेल. म्हणून दोनदा मोजावे. पँटचा नंबर हे कंबरेचे माप नव्हे. सुटलेल्या पोटाखाली पट्टा बांधणारा माणूस वर्षानुवर्षे एकाच नंबरची पँट घालतो आणि आपली कंबर वाढलेली नाही, असे मनापासून मानतो.

आशियाई पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटर ही धोक्याची सीमा मानली जाते. युरोपीय वंशाच्या पुरुषांसाठी ती ९४ आहे, स्त्रियांसाठी ८०च. एवढे आकडे लक्षात राहत नसतील तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, एवढे पाहावे. १६० सेंटिमीटर उंचीची, ५८ किलो वजनाची स्त्री बीएमआयच्या हिशेबाने योग्य पट्ट्यात बसते. पण तिची कंबर ८६ सेंटिमीटर असेल, तर तिने सुटकेचा निःश्वास टाकण्याचे कारण नाही.

चौथी पायरी: तपासण्या आणि घरातील आजार जोडून पाहा

रक्तदाब, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी), आणि कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड यांचे ताजे अहवाल समोर ठेवावेत. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला मधुमेह अथवा हृदयविकार असेल तर पट्ट्याच्या वरच्या टोकाला राहणे परवडत नाही. याउलट बीएमआय २६ आहे, कंबर मर्यादेत आहे, अहवाल चांगले आहेत आणि जिने चढताना धाप लागत नाही, अशा माणसाने केवळ आकड्यासाठी हाल करून घेऊ नयेत. वजन वाढू न देणे हेच त्याच्यासाठी योग्य ध्येय ठरू शकते.

काहींना हे कोष्टक लागूच पडत नाही. मुलांचे वजन वय आणि लिंगानुसार वाढीच्या आलेखावर पाहतात. गरोदरपणात आधीच्या वजनावरून वाढ ठरते. भरपूर स्नायू असलेल्या खेळाडूंचा बीएमआय फसवा असतो, आणि पायावर सूज असेल तर काटा पाण्याचे वजन दाखवतो. वृद्धांमध्ये थोडे जास्त वजन असण्यापेक्षा स्नायू झिजणे अधिक घातक असू शकते.

पाचवी पायरी: जवळचे उद्दिष्ट ठरवा

वजन कमी करायचे ठरलेच, तर थेट पट्ट्याच्या मध्यावर उडी मारू नये. ८४ किलोच्या माणसाने आधी सुमारे ७९ किलोचा विचार करावा. आजच्या वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी रक्तदाब आणि साखर यांवर चांगला परिणाम दिसू शकतो. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग पुरेसा आहे. आहार अगदी तोडला तर चरबीबरोबर स्नायूही जातात. वजन अचानक वाढले असेल तर थायरॉइड आणि चालू औषधे, विशेषतः स्टेरॉइड, यांविषयी डॉक्टरांना विचारावे.

उलट बाजूही तितक्याच काळजीने पाहावी. काहीही प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे ६० किलोचे ५७ किलोच्या खाली गेले, तर त्यामागे अनियंत्रित मधुमेह, थायरॉइडचा विकार, क्षयरोग, कर्करोग किंवा नैराश्यही असू शकते. अशा वेळी सैल झालेल्या कपड्यांचा आनंद मानत बसण्याऐवजी आधी तपासणी करून घ्यावी.