पश्चिमेची खिडकी, रात्रीपर्यंत तापलेली खोली: माझा उपाय

नागपूर, दुसरा मजला, पश्चिमेला मोठी खिडकी. एप्रिल-मेमध्ये कूलर चालू असूनही रात्री 10 पर्यंत खोलीतली भिंत हाताला गरम लागायची. आतून जाड ब्लॅकआउट पडदा लावला, मग काचेला फिल्म चिकटवली. अंधार झाला, उकाडा मात्र तसाच. जीव नुसता मेटाकुटीला आला होता.

ऊन काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. म्हणून ते बाहेरच अडवायचं.

आधी छज्ज्याखाली, काचेपासून वीतभर पुढे हूक ठोकले. त्यावर बांबूच्या कामट्यांचा गुंडाळता येणारा पडदा, म्हणजे चिक टांगली, दोन्ही बाजूंनी अर्धा फूट जास्त रुंद; तिरपं ऊन कडेनेच शिरतं. (प्लास्टिकची स्वस्त पडते, पण उन्हाने कडक होऊन तिचे तुकडे पडतात.) मग खालची दांडी दोरीने ग्रिलला बांधली, नाहीतर वावटळीत चिक आपटून मोडते. दुपारी 12 च्या सुमाराला, ऊन खिडकीवर यायच्या आधी ती सोडायची. सूर्य मावळला की गुंडाळून खिडकी सताड उघडायची. आता संध्याकाळी भिंत तापलेली नसते.

मुंबई-कोकणातही हीच चिक चालेल. वाळ्याची ओली ताटी मात्र विदर्भासारख्या कोरड्या हवेतच कामाची.