इलेक्शनला बंदूक जमा करायची नोटीस आली तर काय करायचं

इलेक्शन लागलं की आपल्या गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोणच्या कुळागरवाल्यांना (माड-पोफळीच्या बागा असलेल्यांना) फोन येतो, बंदूक आणून जमा करा. बहुतेक जण मुकाट्याने देऊन येतात, आणि मग रानडुकरं हाकलायला हातात फक्त डबा नि काठी.

अमेरिकेत शस्त्र बाळगणं हा घटनेतला हक्क आहे, २००८ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो प्रत्येक माणसाचा म्हणून मान्य केला. आपल्याकडे तसं नाही, आपली घटना एकत्र जमायचा हक्क देते तोसुद्धा विनाशस्त्र. आपलं सगळं १९५९ च्या आर्म्स ॲक्टवर चालतं. पण त्याच ॲक्टच्या कलम १३ मध्ये पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचं लायसन द्यायची तरतूद आहे, आणि नाकारलं तर कारण लेखी नोंदवावं लागतं, त्यामुळे कोणी मेहेरबानी केली असं समजून गप्प बसू नका.

आणि हे आपल्याच हायकोर्टात ठरलंय बरं का! २००९ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करायच्या नाहीत, स्क्रीनिंग कमिटीने एकेक लायसन बघून ठरवायचं. इलेक्शन कमिशनच्या सूचनाही मग त्याला धरूनच आल्या. जामिनावर सुटलेले, गुन्हे असलेले, दंगलीत सापडलेले, रोख मुख्यतः त्यांच्यावर.

म्हणून नोटीस हातात पडली की त्याच दिवशी कलेक्टरला, म्हणजे जिल्हा दंडाधिकाऱ्यांना अर्ज द्या. लायसन नंबर, बंदुकीचा नंबर, शेत कुठे, कसलं पीक उभं आहे, आणि अंगावर एकही केस नसेल तर ते ठळक लिहा. सोबत एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा उतारा जोडा. आपल्या कॉपीवर इनवर्डचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.

उत्तर आलं नाही आणि तारीख संपत आली तर मात्र बंदूक जमा कराच, अडून बसलात तर केस तुमच्यावर होईल.

देताना बार भरलेला नाही हे दोनदा बघा, नळी आतून पुसून तेल द्या, नंबर दिसेल असा फोटो काढा. आमची आजोबांची ठासणीची एकदा परत आली तेव्हा घोड्याला तांबडा गंज आणि दस्त्याला बोटभर चीर, पावतीवर नुसतं "बंदूक १", मग भांडणार कशावर? तेव्हा पावतीवर नंबर आणि "दस्ता अखंड, गंज नाही" लिहून घ्या.

निकालानंतर आठवडाभराने परत मिळायला हवी. घेताना तिथेच घोडा ओढून, नळीत टॉर्च मारून बघा, सही त्यानंतर.