घरी रिंग फिट खेळताय? या चुका टाळा

माझ्याकडे निन्टेंडो स्विच हे टीव्हीला जोडायचं गेम-यंत्र आणि त्यावरचा ‘रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर’ हा रिंग दाबून, बैठका मारून राक्षसांशी लढायचा व्यायामाचा गेम 2020 च्या दिवाळीपासून आहे. माझं बघून ओळखीतल्या आठजणांनी तो घेतला. त्यातले दोघेच आज खेळतात, बाकीच्यांच्या रिंगा माळ्यावर गेल्या. का सोडलं, असं विचारलं की प्रत्येकाकडून तेच दोन-तीन घोटाळे ऐकायला मिळतात. जोर-बैठकांचा कंटाळा असलेल्या माणसाला रोज घाम गाळायला लावणारी याहून चांगली वस्तू मी पाहिलेली नाही. त्यामुळे ती धूळ खात पडलेली मला बघवत नाही.

पहिल्याच दिवशी पातळी वाढवणे

ही सगळ्यात मोठी चूक. पुरुष मंडळी ती हटकून करतात.

गेम सुरुवातीला वय, वजन आणि व्यायामाची सवय विचारून 1 ते 30 मधली एक पातळी सुचवतो. पातळी वाढली की प्रत्येक हल्ल्याला जास्त वेळा बैठक मारावी लागते, रिंग जास्त वेळा दाबावी लागते. माझा मेहुणा कॉलेजात कबड्डी खेळायचा, पण त्याला आता पंधरा वर्षं झाली. आमच्याकडे आला, माझी पातळी 16 बघितली आणि म्हणाला, “दाजी, सोळा काय लावता, मला पंचवीस लावा.” मी नको म्हणत होतो. पठ्ठ्या पन्नास मिनिटं खेळला, संध्याकाळी ताजातवाना होता, रात्री पोटभर जेवलाही. तिसऱ्या दिवशी साताऱ्याला एसटीतून उतरताना त्याला दांड्याला लटकून उतरावं लागलं.

नवखा माणूस नेमका इथेच फसतो. सवय नसलेल्या स्नायूंचं दुखणं त्याच संध्याकाळी येत नाही. ते एक ते तीन दिवसांत चढत जातं. पहिल्या दिवशी काहीच दुखलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी जोर लावला की झालंच.

मेहुण्याने त्यातून धडा घेतला नाही. महिन्याभरात स्वतःचा सेट आणला आणि पुन्हा पंचवीसच लावली. पातळीला पुरं पडायचं म्हणून भराभर बैठका मारायला लागला, गुडघे आत वळायला लागले आणि तिसऱ्या आठवड्यात उजवा गुडघा सुजला. डॉक्टरांनी दीड महिना बैठका बंद करायला सांगितल्या. त्याच्या सेटवर आता त्याची मुलगी खेळते. ती 8 वर लावते आणि गेली दोन वर्षं तिने खेळणं सोडलेलं नाही.

माझी पद्धत साधी आहे. गेम जी पातळी सुचवेल तिच्यापेक्षा दोन-तीन खाली दोन आठवडे खेळायचं. त्यानंतर फक्त रविवारी, तीही एकाच पायरीने वाढवायची. सकाळी आमच्या तिसऱ्या मजल्यावरून कठडा न धरता सरळ उतरता आलं, तरच वाढवतो. मांड्या कुरकुरल्या तर त्या रविवारी वाढ नाही.

याला जोडूनच आणखी एक. गेम शेवटी जी मिनिटं दाखवतो ती फक्त प्रत्यक्ष हालचालीची असतात. त्याच्या घड्याळात दहा मिनिटं व्हायला भिंतीवरच्या घड्याळात वीस-पंचवीस सहज जातात. लोक ‘अकरा मिनिटं’ बघून खट्टू होतात आणि पुन्हा सुरू करतात. तसं करू नका. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम किंवा 75 मिनिटं जोरकस व्यायाम सुचवते. ती आठवडाभर वाटून घ्या, एका रविवारी सगळी कसर भरून काढायचा अट्टहास अंगाशी येतो.

सेन्सरसाठी खेळणे

ही चूक मला सगळ्यात जास्त त्रास देते, कारण करणाऱ्याला ती चूक वाटतच नाही.

रिंग फिटमध्ये एक जॉय-कॉन, म्हणजे स्विचचा सुटा होणारा छोटा कंट्रोलर, रिंगमध्ये बसतो आणि दुसरा डाव्या मांडीवरच्या पट्ट्यात. रिंगमधला जॉय-कॉन रिंगवरचा दाब, ताण आणि तिची हालचाल मोजतो, मांडीवरचा मांडीचा कल मोजतो. संपलं. उजवा पाय, पाठ, गुडघ्यांची दिशा, टाचा जमिनीवर आहेत की उचलल्यात, यातलं गेमला काहीही दिसत नाही. कंबरेतून वाकून अर्धवट बसलात तरी पडद्यावर शाबासकी मिळू शकते.

‘जस्ट डान्स’ या नाचाच्या गेममध्ये तर फक्त उजव्या हातातल्या कंट्रोलरची हालचाल मोजली जाते. माझा अकरा वर्षांचा भाचा सोफ्यावर बसून नुसता हात फिरवतो आणि भरपूर गुण मिळवतो. पोराने केलं तर ठीक आहे. पण ऑफिसातले एक सहकारी महिनाभर रोज अर्धा तास ‘नाच’ करून वजन हलत नाही म्हणून कळवळून सांगत होते. मी त्यांच्या घरी जाऊन बघितलं. पाय एका फरशीवरून हलत नव्हते, मनगट मात्र गरगरत होतं. त्यांनी मुद्दाम लबाडी केली नव्हती. गुण मिळतायत म्हणजे व्यायाम होतोय, असं ते खरंच धरून चालले होते. मी कंट्रोलर काढून टीपॉयवर ठेवला आणि दोन गाणी नुसती पडद्याकडे बघून नाचायला लावली. दुसऱ्या गाण्याला त्यांना धाप लागली. अजूनही ते पहिली दोन गाणी कंट्रोलरशिवाय करतात.

रिंग फिटसाठी मी कपाटाच्या आरशासमोर उभा राहतो, टीव्ही बाजूला. मान थोडी वळवावी लागते, पण गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने जातोय की नाही ते दिसतं. खाली जाताना मनात तीन मोजतो. हल्ला हळू होतो, राक्षस चार फटके जास्त मारतो. मारू दे.

आणि रिंग दाबताना श्वास रोखू नका. जोर लावताना श्वास धरला की रक्तदाब एकदम चढतो. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर खेळण्याआधी डॉक्टरांना विचारा. उजव्या जॉय-कॉनच्या कॅमेऱ्यावर अंगठा ठेवून जी नाडी दिसते, तिच्यावर विसंबून निर्णय घेऊ नका.

डोक्यावर न बघणे

डोळे झाकणारा हेडसेट लावून ‘बीट सेबर’ हा तलवारीने ठोकळे कापायचा गेम खेळणाऱ्यांसाठी खास. खेळण्याआधी हेडसेटमध्ये तुम्ही आखलेली हद्द आजूबाजूच्या भिंतींची असते, छताला फिरणारा पंखा तिच्यात येत नाही. माझ्या मित्राचा हात चालू पंख्याच्या पात्याला लागला आणि बोटाला चार टाके पडले. हात वर करून टाचा उचला. पंख्यापर्यंत वीतभर अंतर राहत नसेल तर तिथे खेळू नका. पंखा बंद ठेवून चालेल, असंही म्हणू नका, थांबलेलं पातंसुद्धा बोट सुजवतं.

खालच्या मजल्याचा विचार न करणे

फ्लॅटमध्ये रात्री नऊनंतर जागच्या जागी धावलात तर खालच्यांच्या डोक्यावर हातोडे पडतात. रिंग फिटमध्ये आवाज न करणारा मोड आहे, त्यात धावण्याऐवजी गुडघे हलके वाकवायचे असतात. तो पळवाट आहे असं समजून लोक टाळतात. उलट मांड्यांना त्यात जास्त काम पडतं. आमच्या खालच्या आजींना रात्री झोप लागायची नाही, हे मला त्यांच्या सुनेने जिन्यात सांगितलं. त्या दिवसापासून मी तोच मोड लावतो.

बाकीच्या, थोडक्यात

गुळगुळीत फरशीवर मोजे घालून खेळू नका. अनवाणी किंवा बूट घालून खेळा.

मनगटाचा पट्टा घाला. 2006 मध्ये वी हे निन्टेंडोचं जुनं गेम-यंत्र नवीन आलं तेव्हा रिमोट हातातून सुटून टीव्ही फुटायला लागले आणि निन्टेंडोला लाखो पट्टे बदलून द्यावे लागले.

गेममधल्या टेनिसलाही वॉर्म-अप लागतो. 2007 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये वीवर तासन्‌तास टेनिस खेळून खांदा धरलेल्या एका तरुण डॉक्टरची नोंद छापून आली होती.

कॅलरीचा आकडा बघून वडापाव खाऊ नका.

सेट घेण्याआधी आपला स्विच कोणता ते बघा. स्विच लाइटचे कंट्रोलर सुटे होत नाहीत, आणि स्विच 2 चे नवे जॉय-कॉन रिंगमध्ये बसत नाहीत. दोन्हीला जुने जॉय-कॉन वेगळे घ्यावे लागतात.

मांडीचा पट्टा घसरतो अशी तक्रार सगळे करतात आणि मग पाय बधिर होईपर्यंत आवळतात. पट्टा जांघेजवळ, जितका वर जाईल तितका वर बांधा, सुती पँटवर बांधा, आणि घामाने ओला झाला असेल तर धुवा. मी जॉय-कॉन काढून आठवड्यातून एकदा हाताने धुतो. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून तेव्हा शुक्रवारी रात्रीच धुवून टाकतो आणि शनिवारी नुसता चालायला जातो.